विलायतेच्या पाटावरचा एक दिवस



2024 च्या जून महिन्यात लेकीकडे विलायतेला जाऊन आलो. परतल्यापासून पारावर भेटेल तो एकच विचारतो, "अण्णा, तिकडं काय काय पाहिलंत?" आता पाहायला पुष्कळ पाहिले. राजवाडा पाहिला, ते मोठे घड्याळ पाहिले, जमिनीच्या पोटातून पळणारी आगगाडी पाहिली. पण मनात रुतून बसला तो एक पाट. होय, पाण्याचा पाट! हे सांगितले की मंडळी हसतात. "पाट बघायला एवढं विमानाचं भाडं घातलंत होय? आपल्या बांधालाच आहे की!"

हसा खुशाल. पण त्या पाटावरच्या एका दिवसाची हकिगत आज सांगतो, ती शेवटपर्यंत ऐका. तिच्यात थोडी माहिती आहे, थोडी गंमत आहे, आणि शेवटी माझी एक कबुलीही आहे. चाळीस वर्षे पोटात ठेवलेली.

आमची लेक ऑक्सफर्ड परगण्यात राहते. एका रविवारी जावईबापू म्हणाले, "मामा, आज बोटीनं फिरायला जायचं. बोट दिवसभर आपली, आणि चालवायचीही आपणच." बोट म्हणताच आमच्या सौ.नी कपाळाला हात लावला. आयुष्यात विहिरीच्या काठाशीसुद्धा त्या कधी वाकून उभ्या राहिलेल्या नाहीत. "मामी, पाणी छातीएवढंसुद्धा नाही," असे जावयांनी समजावले, तेव्हा कुठे पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरली गेली आणि आम्ही पाच जण निघालो. लेक, जावई, नऊ वर्षांची नात, आणि आम्ही दोघे.

बॅनबरी नावाच्या गावातून हा कालवा जातो. उत्तरेला कॉव्हेंट्रीजवळ सुरू होतो आणि दक्षिणेला ऑक्सफर्डला संपतो. लांबी सुमारे सव्वाशे किलोमीटर. नाव ऑक्सफर्ड कालवा. त्याला 1769 साली कायद्याने परवानगी मिळाली, 1778 साली तो बॅनबरीपर्यंत आला आणि 1790 साली ऑक्सफर्डला पोचला. म्हणजे आपल्याकडे सवाई माधवराव पेशव्यांची कारकीर्द चालू होती तेव्हाची ही गोष्ट. जेसीबी नाही, सुरुंगसुद्धा क्वचित. कुदळ, फावडे आणि माणसाची पाठ, एवढ्यावर हा कालवा खोदला.

तुम्ही म्हणाल, एवढे पाणी नेऊन त्यांनी भिजवले काय? तर काहीच नाही. इथेच त्यांचा पाट आणि आपला पाट वेगळा. आपला पाट पाणी वाहून नेतो. त्यांचा पाट माल वाहून नेण्यासाठी खोदलेला. पाणी जवळजवळ उभेच, आणि त्यावरून बोटी चालायच्या. त्या काळी रस्ते असे की पावसाळ्यात गाडी आसापर्यंत रुतायची. पाण्यावर मात्र काठाने चालणारा एकच घोडा दोरीने पंचवीस-तीस टन कोळशाची बोट ओढून न्यायचा. पंचवीस टन म्हणजे आपल्या हिशोबाने उसाच्या दोन भरगच्च ट्रॉल्या, आणि त्या ओढायला एक जनावर! 1761 साली ब्रिजवॉटर कालव्याने मँचेस्टर शहरात कोळसा येऊ लागला, तेव्हा तिथे कोळशाची किंमत निम्म्यावर आली. मग काय, देशभर कालव्यांची लाटच उठली.

हे ब्रिजवॉटरचे काम आणि आमच्या ऑक्सफर्ड कालव्याची आखणी जेम्स ब्रिंडली नावाच्या एकाच माणसाची. मूळचा तो पाणचक्क्या दुरुस्त करणारा कारागीर. लिहिण्या-वाचण्याची बोंबच होती. पण जमिनीचा चढ-उतार त्याच्या डोळ्यात होता. डोंगर आडवा आला तर हा गडी फोडायला जायचा नाही. समपातळी धरून वळसा घालायचा. आपण उतारावर ताली घालतो ना, तसा त्याचा कालवा टेकडीच्या कमरेने वळत वळत जातो. 1772 साली ब्रिंडली वारला आणि ऑक्सफर्डचे काम त्याच्या मेव्हण्याने, सॅम्युअल सिमकॉकने, पुढे नेले.

आणि पाणी झिरपू नये म्हणून काय केले असेल? सिमेंट तर नव्हतेच. चिकणमाती पाण्यात कालवून, तुडवून तुडवून तिचा जाड थर कालव्याच्या तळाला आणि बाजूला दिला. तुडवायला कधी माणसांचे पाय, तर कधी गुरांचा कळप कालव्यातून हाकलायचे. आपल्या मातीच्या धरणाच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, तीच युक्ती. अडीचशे वर्षे होत आली, पाणी अजून धरून आहे.

आता बोट. तिला तिकडे नॅरोबोट म्हणतात, म्हणजे अरुंद बोट. रुंदी जेमतेम सात फूट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढी. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत असू शकते. आमची चाळीस फुटांची होती. लोखंडी पत्र्याचे अंग, त्यावर हिरवा-तांबडा रंग, आणि दारावर गुलाबाची फुले रंगवलेली. आत चुलीची शेगडी, बसायला बाके, इवलीशी मोरी. मागच्या बाजूला फळीखाली डिझेल इंजिन. झाकण उघडून पाहिले तर कुबोटाचे. म्हटले, अरे, हा तर आपल्या द्राक्षबागेतला गडी!

बोट वळवायला चाक नसते, मागे एक दांडा असतो. तो डावीकडे ढकलला की बोटीचे नाक उजवीकडे वळते. पहिला अर्धा तास मी नाक घातले ते थेट काठच्या वेळूसारख्या गवतात. शिवाय बोट मधोमध फिरते. नाक इकडे वळले की शेपूट तिकडे सरकते. लांब ट्रॉली मागे घ्यायची ज्याला सवय आहे त्याला हे लवकर उमगते. मला उमगले तेव्हा नात टाळ्या वाजवून म्हणाली, "आजोबा पास!"

वेग किती? तासाला चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर, ही कमाल मर्यादा. बांधलेल्या बोटीजवळून जाताना त्याहून हळू. कारण वेगाने गेले की लाट उठते, लाट काठावर आपटते आणि काठ ढासळतो. बैलगाडीची चाल म्हणा ना. पहिल्यांदा कंटाळा येतो. मग हळूहळू डोळे उघडतात. एका बाजूला पोटरीत आलेला गहू, दुसऱ्या बाजूला मेंढ्या आणि त्यांची गुबगुबीत कोकरे, कुंपणाला काटेरी झुडपे, पाण्यात पिलांना घेऊन पोहणारी बदके. आमच्या सौ. घाबरून आत बसल्या होत्या, त्या तासाभराने पुढच्या टोकाला येऊन पाय सोडून बसल्या. म्हणाल्या, "हे तर वारीच्या चालीनं जाणं झालं."

वाटेत एक गोष्ट दिसली आणि मी बोट थांबवायला लावली. कालव्यावर एक लाकडी पूल होता, पण आकाशाकडे तोंड करून उभा! त्याला दोन जड तुळया जोडलेल्या असतात. त्यांच्या भाराने पूल उचलून राहतो, आणि एकटा माणूस तो ओढून खाली आणू शकतो. ऑक्सफर्ड कालव्यावर असे उचलपूल बरेच आहेत. कुणासाठी बांधले? शेतकऱ्यांसाठी! कालवा गेला तेव्हा कुणाचे शेत मधोमध चिरले गेले, गोठा या काठाला आणि कुरण त्या काठाला. तेव्हा कालवा काढणाऱ्या कंपनीवर पूल बांधून देण्याची जबाबदारी आली. दगडी पुलापेक्षा लाकडी स्वस्त, म्हणून हे असे पूल. ज्याच्या रानातून आपल्याकडे पाट गेला आहे आणि जो मोरी होईपर्यंत बैल घेऊन कोसभर वळसा घालत राहिला आहे, त्याला या पुलाचे मोल सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. जमीन चढावर गेली तर उभ्या पाण्याने चढ कसा चढायचा? त्यासाठी असतो लॉक. म्हणजे पाण्याची पायरी समजा. कालव्यात दगडी भिंतींची एक अरुंद पेटी, वरच्या अंगाला एक दार, खालच्या अंगाला एक दार. दारांना छोट्या झडपा. वर जायचे तर बोट रिकाम्या पेटीत घ्यायची, खालचे दार लावायचे, खालच्या झडपा पाडायच्या, मग वरच्या झडपा उचलायच्या. वरचे पाणी पेटीत भरते, बोट पाण्याबरोबर आपोआप उचलली जाते. पातळी सारखी झाली की वरचे दार उघडायचे आणि पुढे जायचे. वीज नाही, मोटर नाही. एक लोखंडी हँडल, विहिरीच्या इंजिनाला मारतो तसले, आणि दाराला ढकलायला लांब लाकडी तुळई. तुळईला पाठ लावून मागे चालायचे. नऊ वर्षांची नात आणि मी मिळून ते दार ढकलत होतो.

आता हिशोब ऐका. अशी पेटी साधारण बहात्तर फूट लांब, सात फूट रुंद. पाण्याचा चढ सात फूट धरला तर एका वेळेला साडेतीन हजार घनफूट पाणी, म्हणजे जवळजवळ एक लाख लिटर, वरून खाली जाते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर एका एकरावर एक इंच उभे राहील एवढे पाणी. एक बोट चढली की एक एकर-इंच पाणी गेले! ते कुठून येते? कालव्याच्या सगळ्यांत उंच भागाला बॉडिंग्टन, क्लॅटरकोट आणि वर्मल्टन अशा तलावांतून पाणी सोडलेले असते. पावसाचे साठवलेले. तेवढ्यावर दोन्ही अंगाच्या पायऱ्या चालायच्या.

म्हणून तिथे एक रीत आहे. तुम्ही वर चढलात, पेटी भरलेली राहिली. आता वरून एखादी बोट खाली येत असेल तर तिला ती भरलेली पेटी आयती मिळते. एका पाण्यात दोघांचे काम. पण तुमच्या मागोमाग दुसरी चढणारी बोट आली आणि तिने घाई केली, तर भरलेली पेटी रिकामी ओतून टाकावी लागते. लाख लिटर फुकट. तेव्हा समोरून कोणी येताना दिसले तर थांबायचे, त्याला आधी जाऊ द्यायचे. दुसऱ्या लॉकवर आम्ही असेच दहा मिनिटे थांबलो. खाली उतरून आलेल्या बोटीवरच्या म्हाताऱ्याने हात उंचावून आभार मानले, आणि आमच्यासाठी दार उघडे ठेवले. पाटावर बसलेला पाटकरी नाही, वही नाही, दंड नाही. फक्त रीत.

तिसऱ्या लॉकवर माझ्या अंगात आले. जावईबापू हँडल घेऊन निघाले तर मी म्हणालो, "आणा ते इकडं. पाटाच्या काठी जन्म गेला माझा. दारं धरायला मला शिकवता काय?" जावई बिचारे गप्प राहिले. मी खालचे दार लावले, खालची झडप सोडली, ती थोडी अडल्यासारखी वाटली, पण म्हटले बसली असेल. वरच्या झडपा उचलल्या. पेटी भरायला वेळ लागला. वरचे दार ढकलताना नेहमीपेक्षा जड गेले. मंडळी, ज्याने जन्मभर चारीवर दारे धरली त्याला तेव्हाच कळायला हवे होते की खालून पाणी कुठेतरी निसटते आहे. पण मला जेवणाची घाई, आणि नातीपुढे ऐट. बोट बाहेर काढली. वरच्या झडपा पाडल्या. दार मात्र तसेच उघडे टाकले. जावई म्हणाले, "मामा, दार लावायचं असतं." मी म्हणालो, "राहू द्या हो, मागून येणाऱ्याला बरं पडेल."

पुढे चौथा लॉक चढून क्रोप्रेडी गावात बोट बांधली. टुमदार गाव, पिवळट तांबूस दगडाची घरे, जुने चर्च. 1644 साली इथल्या पुलाशी राजा चार्ल्सची फौज आणि पार्लमेंटची फौज यांची लढाई झाली होती. आज तिथे मेंढ्या चरतात. काठच्या गवतावर बसून आम्ही दशम्या सोडल्या.

जेवता जेवता जावयांनी या बोटींवरच्या जुन्या माणसांची हकिगत सांगितली. आगगाडी आली आणि कालव्याचा माल पळाला. भाडे परवडेना, तेव्हा नावाड्यांनी गावातली घरे सोडून बायको-मुलांना बोटीवरच आणले. माल ठेवायला सगळी बोट, आणि संसाराला मागची दहा फूट लांब, सात फूट रुंद खोली. तिच्यात नवरा, बायको आणि चार-पाच लेकरे. बाई दांडा धरायची, पोरे घोड्यामागे चालायची. आज इथे, उद्या तिथे, शाळा कुठली? 1877 आणि 1884 साली पार्लमेंटने कायदे केले, बोटी नोंदवायच्या, खोलीत किती माणसे राहावीत ते ठरवायचे, मुलांना शाळेत घालायचे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी पोरे अक्षरओळखीशिवाय मोठी झाली. ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे आपल्या ऊसतोडीच्या कोप्यांवरची लेकरंच की." सगळे थोडा वेळ गप्प बसलो. दारावरच्या त्या गुलाबांच्या फुलांकडे मी मग वेगळ्या नजरेने पाहिले. ज्यांना अंगण नव्हते त्यांनी ती रंगवली होती.

1948 साली बहुतेक कालवे सरकारकडे गेले. 1962-63 चा हिवाळा असा कडक पडला की कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, आणि उरलासुरला मालाचा धंदाही मोडला. हा ऑक्सफर्ड कालवासुद्धा बुजवण्याच्या गोष्टी निघाल्या होत्या. पण काही वेड्या माणसांनी तो जगवला. एल. टी. सी. रोल्ट नावाचा इंजिनियर 1939 साली याच बॅनबरीच्या बोट-कारखान्यातून बोट घेऊन निघाला. त्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक 1944 साली आले आणि 1946 साली कालवे वाचवणाऱ्यांची संघटना उभी राहिली. लोकांनी सुटीच्या दिवशी चिखलात उतरून मोडके कालवे साफ केले. आता 2012 पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैल जलमार्ग एका धर्मादाय संस्थेकडे आहेत. लॉकवर मदतीला उभी असलेली कितीतरी माणसे बिनपगारी, आवडीने आलेली असतात.

दोन वाजता बोट वळवून आम्ही परत निघालो. उतरताना एक धोका असतो, तोही सांगतो. पेटीच्या वरच्या अंगाला पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. पाणी उतरताना बोटीचे शेपूट त्यावर अडकले तर बोट पुढे कलते आणि बुडू शकते. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ आखलेली असते. बोट तिच्या पुढे ठेवायची. लेकीने दांडा धरला होता, तिने रेघेवरून नजर काढली नाही. आम्ही नीट उतरलो.

आणि खाली आल्यावर पाहतो तर पाणी कमी! काठाच्या दगडावर तीन-चार बोटे ओला पट्टा उघडा पडलेला. थोडे पुढे एक जुनी बोट काठाला बांधलेली, ती गाळावर टेकून एका अंगाला कलली होती. बोटीवर साठी उलटलेली एक बाई एकटीच राहत होती. अशी बोटीवर राहणारी माणसे तिकडे बरीच आहेत; बांधायची कायमची जागा नसेल तर चौदा दिवसांवर एका ठिकाणी राहता येत नाही. तिच्या शेगडीवरची किटली घसरून पडली होती, भांडी खाली आली होती. ती काठावर उभी होती, हातात हँडल, गुडघ्यापर्यंत चिखल.

लेकीने विचारले, काय झाले? बाई म्हणाली, खालच्या लॉकवर कुणीतरी दार उघडे टाकून गेले. खालच्या झडपेत लाकडाचा ओंडका अडकला होता, ती पुरती बसलीच नव्हती. अडीच-तीन तास पाणी वाहून गेले. "मी चालत जाऊन दार लावून आले," ती म्हणाली. एवढेच. कोण गेले ते तिने विचारले नाही. पण तिने माझ्याकडे पाहिले, आणि तिला कळले असावे.

मी लेकीला म्हणालो, "सांग तिला, मीच तो." लेक क्षणभर थांबली, मग तिने सांगितले. बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. आता पुढच्या वेळी दार लावा." आणि बोट सरळ करायला आमची मदत घेतली. जावयांनी आणि मी बांबू लावून तिची बोट खोल पाण्यात ढकलली. नातीने तिची भांडी उचलून दिली.

त्या रात्री झोप आली नाही. कागदावर हिशोब मांडला. पाटाचा तो तुकडा मैलभर धरा, रुंदी तीस फूट, पाणी उतरले तीन इंच. चाळीस हजार घनफुटांच्या आसपास झाले. अकरा एकरांना एकेक इंच. माझ्या ऐटीपायी आणि एका दारापायी. ते पाणी कुठे नाहीसे झाले नाही, खालच्या अंगाला गेले. पण वरच्याचे ते गेलेच. पुढच्याच वर्षी, 2025 साली, तिकडे पाऊस ओढला, आणि लीड्स-लिव्हरपूलसारख्या मोठ्या कालव्याचा लांबलचक पट्टा बोटींना बंद करावा लागला. थेंबन्‌ थेंब मोजायची वेळ तिकडेही येते.

पण मंडळी, झोप न येण्याचे कारण ते पाणी नव्हते. दुसरेच पाणी होते.

1985 चा उन्हाळा. पाटाचे शेवटचे आवर्तन. माझे रान पाटाच्या हेडला, चारी पहिली. माझी पाळी संध्याकाळी संपली होती. ऊस भिजला होता, पण एक तुकडा राहिल्यासारखा वाटला. रात्री उठलो, दार हातभर वर उचलले आणि पहाटे पाडले. कुणी पाहिले नाही. शेवटच्या चारीवर, टेलला, एकाचा दीड एकर उन्हाळी भुईमूग होता, आऱ्या सुटलेला. त्या रात्रीची पाळी त्याची होती. पाणी त्याच्या बांधापर्यंत आले आणि आटले. पुढचे आवर्तन आले नाही. भुईमूग वाळला.

सकाळी तो माझ्या ओट्यावर आला. भांडायला नाही. म्हणाला, "रात्री पाणी पोचलं नाही. वर काही अडलं होतं का?" मी म्हणालो, "नाही. मला काही ठाऊक नाही." तो हं म्हणाला आणि गेला. पुढे तीस वर्षे आम्ही एकमेकांना रामराम घातला, एकमेकांच्या लग्नांत जेवलो, एका दिंडीत चाललो. तो वारला तेव्हा मी खांदाही दिला. पण ते एक वाक्य सांगायचे राहूनच गेले.

विलायतेहून परत आलो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या मुलाकडे गेलो. तो गोठ्यात धार काढत होता. मी उभ्या उभ्या सांगितले, सगळे सांगितले. तो धार काढायचा थांबला नाही. मग बादली बाजूला ठेवून म्हणाला, "बाबांना म्हाईत होतं, अण्णा. त्या सकाळी ते पाटाच्या कडंकडंनं चालत वर आले होते. तुमच्या चारीत ताजी ओल दिसली होती."

मी म्हणालो, "मग ते बोलले का नाहीत?"

"आईनं इचारलं होतं. तर म्हणाले, ज्यानं दार उघडलं त्यानं सांगावं. आपण कशाला सांगायचं?"

पुढे तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. त्याने घरात हाक मारली, "चहा ठेवा, अण्णा आलेत."

मंडळी, मी उपदेश करायला बसलेलो नाही. ज्याचे हात ओले आहेत त्याने करूही नये. पण एक विनंती करतो. आपल्याकडे 2005 सालापासून कायद्यानेच पाटाचा कारभार पाणीवापर संस्थांच्या, म्हणजे आपल्याच हाती द्यायचे ठरले आहे. कायदा चांगला, पण कायदा रात्री दोन वाजता चारीवर उभा राहत नाही. तिथे आपणच असतो, आणि आपले मन. येत्या आवर्तनात हेडवाल्यांनी एकदा तरी पायी टेलपर्यंत चालत जावे. शेवटच्या बांधावर उभे राहून पाण्याची वाट पाहावी. वाट पाहणाऱ्याला पाणी कसे दिसते, ते मग कळते.

आणि पाळी संपली की दार लावा. नीट बसले की नाही, वाकून पाहा.

बरं तर, पुढच्या आठवड्यात भेटूच. रामराम!